मुंबईवालीचं पान

ठाण्याहून निघताना आत्याने पिशवीत दशम्या भरल्या, लसणाची चटणी भरली आणि मी चप्पल घालत असताना पुन्हा तेच बजावलं. "बाकी काही विचारत बसू नकोस. पळाला की बुडाला, एवढंच विचारून ये."

पळालेला किंवा बुडालेला माणूस म्हणजे आत्याचे आजोबा, माझे पणजोबा. नाव सखाराम. नगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या आतल्या बाजूला एक वस्ती आहे, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. दुष्काळात मुंबईला गेला, गोदीत हमाली करता करता आगबोटीवर चढला आणि आगवाला (भट्टीत कोळसा टाकणारा) झाला. जिथं हंडाभर पाण्यासाठी पायपीट, त्या गावचा माणूस समुद्रावर पोट भरायला लागला याचं मला लहानपणापासून फार कौतुक. मी स्वतः पोहायला शिकवते. बुडणाऱ्याला वर काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे आपल्या घरातला एक माणूस पाण्यात राहिलाय ही गोष्ट मला कधी स्वस्थ बसू देत नव्हती.

तो एका सफरीवर गेला आणि परतलाच नाही. बारा वर्षं वाट पाहून भावकीने रिवाजाप्रमाणे ठरवलं, पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मोकळं व्हायचं. याला पालाशविधी म्हणतात. सखारामची बायको सगुणा, म्हणजे आमची पणजी, म्हणाली, मी कुंकू पुसणार नाही. विधीच्या आदल्या दिवशी पोराला घेऊन ती मुंबईला निघाली, गोदीजवळच्या चाळीत राहून तिने नवऱ्याचा तपास सुरू केला आणि पुन्हा म्हणून गावाचं तोंड पाहिलं नाही. मरेपर्यंत तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. चाळीतल्या बाया तिला हसायच्या, नवरा दुसरीकडे घर करून बसलाय आणि ही कुंकू मिरवतेय म्हणायच्या. आत्या आजीच्या कुशीत झोपायची, त्यामुळे हे बोलणं तिने लहानपणी पोटभर ऐकलंय. आता ती ऐंशीच्या घरात आहे. आजीचं कुंकू खरं होतं की तिचं हसं झालं, एवढं कळल्याशिवाय तिला जायचं नाही.

या कहाणीत एक खलनायकही आहे. भावकीने म्हणे सगुणाला परत नेऊन कुंकू पुसायला लावण्यासाठी एक माणूस मागे लावला होता. त्याचं नाव कानिफा. तो गोदीत विचारपूस करतोय असं कानावर आलं की पणजी खोली बदलायची. आमच्या घरात बागुलबुवा नव्हताच, जेवलं नाही की 'कानिफा येईल' असंच सांगायचे. आत्याने तर त्याला डोळ्यांनी पाहिलंय. परकर नेसायच्या वयात ती दारात उभी असताना उंच, पटकेवाला, हातांवर भाजल्याचे डाग असलेला एक माणूस आला आणि त्याने विचारलं, सगुणा हितं राहती का. पढवल्याप्रमाणे आत्याने ठणकावलं, अशी कुणी इथं राहत नाही. तो गेला. शेजारणीच्या खोलीत लपलेल्या आजीने तिला बक्षीस म्हणून खोबऱ्याची अख्खी वाटी दिली. हा पराक्रम आम्ही दर दिवाळीला ऐकत आलोय, आणि दर वेळी कानिफा वीतभर उंच होतो.

मुंबईत जुन्या जहाजांचे कागद चाळताना मला सखाराम सापडला होता. नाव, बापाचं नाव, मुक्काम तिसगाव. त्या दिवशी मी वाचनालयात इतक्या जोरात 'मिळाला' म्हणाले की शेजारचे गृहस्थ दचकून खुर्ची घेऊन लांब गेले. पण पुढे काहीच नव्हतं. जहाज बुडालं एवढं कळलं, माणसाचं काय झालं ते कळेना. मग कुणीतरी सुचवलं, तुमच्या भावकीचा भाट (घराण्यांच्या वंशावळी राखणारा) राहात्याला असतो, त्याला गाठा. म्हणून माझा पहिला मुक्काम राहाता.

राहात्यात उतरल्याबरोबर पेरूंचा वास आला. रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसलेल्या बायकांकडे पांढऱ्या गराचे, नुकते पिवळट झालेले पेरू होते. एक चिरून त्यात तिखटमीठ भरून घेतला आणि खातखातच भाटबुवांचं घर शोधलं. बुवा स्कूटर पुसत होते. आवाज असा, की त्यांनी 'बसा' म्हटलं आणि मी खरंच बसले. वंशावळ ते वाचत नाहीत, गातात. सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं एका सुरात वाहत आली आणि मध्येच सूर खाली गेला. शिदोजीचे तीन पुत्र, मधला सखाराम, परमुलखी निवर्तला, पालाश केला. हे अपेक्षितच होतं. पण बुवा थांबले नाहीत. शिदोजीचा चौथा पुत्र, पालाशानंतर उपजला, कानिफ.

माझ्या हातातला पेरू निसटला. लहानपणचा बागुलबुवा चक्क माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ निघाला होता. मग हिशेब लक्षात आला आणि हसू फुटलं. हा चौथा मुलगा पालाशविधीच्या नंतर जन्मला म्हणजे शिदोजी तेव्हा सत्तरीच्या पुढे असणार. बुवांना तसं विचारलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आमी घरच्यांनी सांगितलं ते लिवतो, ताई. म्हाताऱ्याचं वय इचारायची आमच्यात रीत न्हाई."

तर खलनायकाला बाप मिळाला, घर मिळालं. मला इतका उत्साह चढला की नगरच्या स्थानकावर पाटी न वाचताच गाडीत चढले, आणि पेरूच्या कृपेने म्हणा, उन्हाच्या म्हणा, गाढ झोपले. जाग आली ती मिरजगावला. कुठे पाथर्डी तालुका आणि कुठे कर्जत तालुका. कंडक्टर म्हणाला, तुमी तिकीट मिरजगावचंच काढलं, मला वाटलं पाव्हनं हायती तुमचं. झोपेत मी काय बोलले ते देवाला ठाऊक. महामार्गावरच्या टपरीत गरम भजी आणि गुळाचा चहा घेतला, स्वतःला चार शिव्या दिल्या आणि नगरला परत येऊन लॉजवर रात्र काढली. एक अख्खा दिवस वाया गेला म्हणून चिडले होते. तो दिवस वाया गेला नसता तर ही सगळी यात्रा वाया गेली असती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तिसगावला उतरले तर समोरच्या हॉटेलचं नाव कानिफनाथ, शेजारच्या गॅरेजचं कानिफनाथ, टेम्पोच्या काचेवरही कानिफनाथ. जवळच मढीला नाथांचं मोठं ठिकाण, गडावरचं देऊळ इथून दिसतं, त्यामुळे या मुलखात घरटी एक कानिफ असतो. ज्या नावाने मी पांघरुणात तोंड लपवायचे ते इथं देवाचं नाव होतं. मनातल्या मनात नाथांची माफी मागितली आणि चहा प्यायला कानिफनाथमध्येच बसले.

वस्तीकडे बस जात नाही. कांद्याच्या रिकाम्या गोण्या घेऊन जाणाऱ्या टेम्पोने मला पुढे बसवून घेतलं. ड्रायव्हर गप्पिष्ट होता, त्याला माझ्या पोहण्याचं फार नवल वाटलं. त्याच्या विहिरीत सहा महिने पाणी आणि सहा महिने चिमण्या असतात म्हणाला. दोन्हीकडे बाजरी निघून गेलेली रानं, मध्येमध्ये शेंगांनी लगडलेली तूर, लांबवर मेंढरांचा कळप आणि मागे उघड्या डोंगरांची ओळ. समुद्र इथून किती लांब आहे हे नकाशात पाहिलं होतं, पण अंगाला त्या खडखडत्या रस्त्यावर कळलं. याच रस्त्याने चालत तो माणूस निघाला होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

वस्तीवर मांडव घातलेला होता. बायका ओट्यावर घुगऱ्या (उकडलेले गहू-हरभरे) वाटत होत्या. घरात बाळाचं बारसं होतं. मी अवघडले, पण पार्वतीकाकू नावाच्या घरच्या मोठ्या बाईंनी माझी पिशवीच काढून घेतली. "कोनाच्या का असंना, जेवल्याबिगर जायाचं न्हाई," म्हणाल्या. मी सांगितलं, मी मुंबईकडची, तुमच्याच भावकीतल्या सखारामची...

काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला, घुगऱ्यांच्या मिठासकट. एवढंच म्हणाल्या, "त्ये नाव हितं घेत न्हाईत, बाई. लेकराचं बारसं हाय." आणि मला पाळण्याजवळ नेऊन बसवलं. पळाला की बुडाला हे विचारायला मी तिथवर आले होते आणि माणसाचं नावसुद्धा घ्यायची सोय नव्हती.

आता बारशात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. बाळाच्या आधी वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणतात. मी वरवंटा शोधत होते. तो आलाच नाही. त्याऐवजी घरातले सगळ्यांत वडीलधारे आबा काठी टेकत आले, त्यांनी डोक्याचा पटका उतरवला आणि पाळण्यात ठेवला. दोन सुनांनी पाळण्याला झोका दिला. एक म्हातारी पाळण्यावर वाकली आणि पटक्याच्या कानात (पटक्याला कान असतात असं धरून) पुटपुटली, "कानिफ." बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्या हसल्या, पटका परत आबांच्या डोक्यावर गेला आणि मग बाळाला आत ठेवलं.

एवढा मोठा पटका, पाळण्यात, आणि त्याला ते नाव. शिदोजीचा सत्तरीतला चौथा मुलगा माझ्या डोक्यात घुमायला लागला. मी आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, तुमच्याकडे वरवंटा का नाही.

आबा हसले. म्हणाले, आमच्याकडं एक बाळ दाढीमिश्यांसकट जन्मलेलं हाय.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पालाशविधी होऊन काही वर्षं झाली होती. तिसगावच्या बाजाराच्या दिवशी एक उंच माणूस वस्तीवर चालत आला. त्याची आई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला धावली, तिला वाटलं भूत आलं. तोच होता. जहाज लढाईत फुटलं, दुसऱ्या बोटीने वर काढलं आणि कुठल्याशा परमुलखात उतरवलं. तिथं आजारपणात आणि मजुरीत वर्षं गेली, आणि भाड्याला पैसे जमले तसा तो निघाला. पण ज्याला अग्नी दिलाय, ज्याचं तेरावं जेवलोय, त्याला घरात कसं घ्यायचं? जाणत्यांनी तोड काढली. मेलेला माणूस परत येत नसतो, पण नवा जन्म घेता येतो.

"गुळाच्या काहिलीत पानी भरलं, त्यात तूप सोडलं आन् त्याला बुडवून काढला," आबा सांगत होते. "पाळन्यात मावतोय कुठं? चिंचेला घोंगड्याची झोळी बांधली. चांगला थोराड गडी झोळीत, आन् बहिनी झोका देत्यात. त्याच्या आत्यानं कानात नाव सांगितलं. मंग त्यो रडाया लागला. गडी हसाया लागलं, पर बाया म्हनल्या, रडू द्या. रडलं म्हंजी लेकरू जगलं."

झोळीत त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की जुनं नाव तो स्वतः उच्चारणार नाही आणि वस्तीही उच्चारणार नाही. ते नाव घेतलं की नव्याने जन्मलेला पुन्हा मरतो. म्हणून सखाराम कुणालाच माहीत नव्हता आणि कानिफबाबा सगळ्यांना माहीत होते. आबा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसायचे. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, पोरं ते मोजायची आणि बाबा दर डागाला एका बंदराचं नाव सांगायचे.

पळाला नव्हता. बुडाला नव्हता. मला त्या मांडवात ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडता येईना, कारण हातांवर भाजल्याचे डाग असलेला उंच पटकेवाला मला ठाऊक होता. मी घाबरत घाबरत पुढचं विचारलं. त्यांनी दुसरं लग्न केलं का?

"लई स्थळं आली. लेकरू बिनलग्नाचं, मोकळंच की. पर बाबा म्हनायचं, नवा जल्म झाला तरी नवरी तीच. बायकू मुंबईला त्यालाच हुडकाया गेल्ती. दरसाल सुगी झाली की ह्यो मुंबईला जायाचा, गोदीत हिंडायचा, हात हलवत यायचा. थकंपातुर गेला."

सखाराम आलाय असा निरोप मिळाला असता तर पणजी धावत गेली असती. पण निरोप यायचा तो कानिफाचा, आणि ती खोली बदलायची.

तेवढ्यात पानं वाढली. पंगत बसली, पुरणपोळी आली, येळवणीची (पुरण शिजवून काढलेल्या पाण्याची) झणझणीत आमटी आली, कुरडया आल्या, तरी कुणी घास घेईना. पंगतीच्या टोकाला एक पान मांडलं होतं, पाट होता, रांगोळी होती, बसायला कुणी नव्हतं. पार्वतीकाकूंनी सगळ्यांत आधी त्या पानावर वाढलं. मी शेजारणीला विचारलं तर ती सहज म्हणाली, ते मुंबईवालीचं पान. कानिफबाबांनी घालून दिलेली रीत, या घरातल्या कुठल्याही कार्यात तिचं पान आधी. कधी आली तर उपाशी राहायला नको. मग ते गाईला घालतात.

मी काकूंना गाठलं आणि त्यांच्या कानात, नाव न घेता, मी कोण ते सांगितलं. सगुणाची पणती.

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा काठी टेकत आले, माझा चेहरा निरखला आणि फक्त म्हणाले, "लई उशीर केला, पोरी. बस."

मला त्या पाटावर बसवलं. काकूंनी कुंकू लावलं, पदर डोळ्यांना लावला, पुन्हा वाढलं. अख्खी पंगत माझ्या पहिल्या घासाची वाट बघत होती. मी पोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि मला रडू कोसळलं. कुणीतरी बाई मागून म्हणाली, रडू द्या तिला. आमटी अशी तिखट होती की रडण्याची सोय झाली. मी तीन पोळ्या खाल्ल्या. गाईच्या वाट्याला त्या दिवशी काही उरलं नाही.

परतीच्या गाडीत मी नगरपासून कल्याणपर्यंत एकच गोष्ट घोळवत होते. आजोबा पळाले नाहीत, बुडाले नाहीत, आजीचं कुंकू खरं होतं, एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. आत्याने तेवढंच विचारायला पाठवलं होतं. त्यांचं नवं नाव म्हणून दुसऱ्याच कुठल्या देवाचं नाव सांगितलं असतं तर तिला काय कळणार होतं? माणसाचा माग काढायला निघताना आपल्याला वाटतं, हरवला तो एकच. माग लागल्यावर दिसतं, त्याला शोधणारेही आपापल्या जागी हरवलेले असतात.

आत्या दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. जहाज, काहिलीतलं तूप, चिंचेची झोळी, पान. कुंकवाचं ऐकताना तिने हात जोडले. चाळीतल्या त्या बायकांपैकी एकही आता जिवंत नाही याचं तिला वाईट वाटलं असावं. मग डोळे पुसून तिने विचारलं, "नाव काय ठेवलं त्यांचं?"

बुडणाऱ्याला खोटं सांगायचं नसतं, किती खोल आहे ते सांगायचं असतं, असं मी मुलांना शिकवते. मी तिचा हात धरला आणि नाव सांगितलं.

तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, त्या दारात ती काय म्हणाली होती ते ती पुन्हा म्हणून बघत होती. मला वाटलं, मी चुकले. मग तिने हळूच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुष्ट माणसाने हात ठेवलेला आवडला, याची लाज वाटायची."

बऱ्याच वेळाने तिने पिशवीतली दशम्यांची पुरचुंडी पाहिली, मी त्या खाल्ल्याच नव्हत्या म्हणून मला रागावली, आणि मग विचारलं, तिसगावला पुढचं कार्य कधी आहे. मी म्हटलं, आबांच्या नातीचं लग्न आहे, तुरी निघाल्या की.

"कळव त्यांना," आत्या म्हणाली. "म्हणावं, मुंबईवालीची नात येतेय. तिने आजोबांना पाहिलंय."